मिऱ्यामागचा ध्रुवीय प्रकाश

सोमवार, १३ मार्च १९८९

बाळाची शॉर्टवेव्ह मेली! संध्याकाळी चहाचा कप तोंडाला लावते तोच हा धापा टाकत दारात. बाळा शिवलकर म्हणजे रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आमच्या आकाश मंडळाचं अध्यक्षपद आणि माझ्याच हाताखाली नववी ब मध्ये भूगोलात पस्तीस मार्क — एवढं सगळं एका माणसात. "बाई, सगळी स्टेशनं गप! नुसती खरखर!" म्हटलं, गावाचे रेडिओ दुरुस्त करतोस, एकदा स्वतःचा कर. तर म्हणे दुकानातले सगळेच तसे. गिऱ्हाइकांचेसुद्धा.

सूर्यावरच्या त्या डागाचं काम असणार. गेल्या आठवड्यात दुर्बिणीतून पुठ्ठ्यावर सूर्य पाडला तेव्हा केवढा थोरला दिसत होता! बाळाला आधी वाटलं भिंगावर माशी बसलीय. फडक्यानं भिंग पुसत बसला होता वेडा.

भांडी तशीच पडलीयेत. पडू देत.

मंगळवार, १४ मार्च — सकाळी

बाळा पुन्हा! दूधवाल्याच्याही आधी. पहाटे थोडा वेळ बीबीसी लागलं म्हणे. ध्रुवीय प्रकाश यंदा उत्तर सोडून पार खाली उतरलाय, अमेरिकेत अगदी दक्षिणेकडच्या लोकांनी पाहिला, ज्यांनी जन्मात कधी पाहिला नव्हता त्यांनी. कॅनडात वीज गेली. "बाई, आज आपल्याकडे पण दिसणार!"

बाबा रे, रत्नागिरी सतरा अंशांवर आहे, म्हटलं. "निसर्गाला अक्षांश कोणी शिकवलेत, बाई?" ते पस्तीस मार्क तरी मी कुठल्या भरात दिले होते कोण जाणे.

जाणार नाही. हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी अर्धं गाव भगवतीच्या किल्ल्यावर चढवलं आणि दाखवलं काय? एक पुसट ठिपका. तोसुद्धा मानला तर. अजून मासे घ्यायला गेलं की पाठीमागून येतं — "बाई, शेपटी गावली काय?" तेव्हाच मी मंडळाला नियम घालून दिला. दिसलं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. परत शोभा नको.

दुपारी, ऑफ तासाला

दहावीचं सुपरव्हिजन आज नाही. स्टाफरूममध्ये बसून विचार करतेय. नववीला ध्रुवीय प्रकाश शिकवायला लागून वीस वर्षं झाली. पुस्तकात एक काळंपांढरं चित्र आहे, शाई सांडल्यासारखं. दरवर्षी कोणी तरी विचारतंच, "बाई, खरा कसा दिसतो?" मी ठोकून देते, "पडद्यासारखा. वाऱ्यावर हलणाऱ्या पडद्यासारखा." जणू माझ्या खिडकीला टांगलाय!

तो पडदाही माझा नाही, नझीरचाचांचा. नझीर मुकादम, मिरकरवाड्याचे, आता सत्तरीला आले. ऐन तरुणपणी आगबोटीवर होते. नॉर्वेच्या वर कुठं तरी त्यांनी तो पाहिला आणि तेव्हापासून सांगताहेत. सांगतात काय! पडदे, झालरी, अख्खं आभाळ हलतंय. मिरकरवाड्यात कोणी थाप मारली की म्हणतात, "नझीरचा पडदा लावू नको." चाचा ऐकतात, हसतात, पुन्हा सांगतात. आमच्या मंडळात आले ते एवढ्याचसाठी, की इथं तरी कोणी हसत नाही.

सतरा अंशांवर दिसत नाही म्हणजे नाही.

नुसतं जाऊन यायला काय हरकत आहे? शाल घ्यावी. वर वारा असतो.

मंगळवार, घरी आल्यावर

दिसला!!!

अक्षर बघा! झोप येणं शक्य नाही.

किल्ल्यावर आम्ही मंडळाची उरलेली तीन डोकी. बाळा दुर्बीण घेऊन. चाचा बाळाच्या खांद्यावर हात ठेवून चढले, मोतीबिंदू पिकायचा आहे, तोवर पायऱ्या नीट दिसत नाहीत म्हणाले. अर्धा चंद्र डोक्यावर, मी कुरकुर करतेय की चांदण्यात काय कपाळ दिसणार. जेवणवेळ झाली. निघू या म्हणणार एवढ्यात बाळा ओरडला, "बाई, उत्तरेला!"

मिऱ्याच्या डोंगरामागं लाली! आधी अगदी फिकी. मी म्हटलं, कसले तरी दिवे असतील. तर ती वाढली. वर चढली, पसरली, मधेच दबली आणि पुन्हा उसळली. मग तिच्यातून उभे पट्टे निघाले, गडद लाल, हलणारे! अगदी पडदे!

मी काय केलं ते इथंच लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. मी नाचले. सेहेचाळिसाव्या वर्षी, साडीचा ओचा धरून, बुरुजावर. एका चपलेचा अंगठा तुटला. चाचांचा दंड धरून गदागदा हलवला — "चाचा, हेच ना? असंच होतं ना?" ते उत्तरेकडे तोंड करून उभे. मग म्हणाले, "हेच, बाई. हेच." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मीही रडले. बाळासुद्धा नाक ओढत होता.

सतरा अंश गेले खड्ड्यात!

बुधवार, १५ मार्च

बाळानं गावभर केलं. तोंड आहे की भोंगा! दुपारपर्यंत साप्ताहिकाचे संपादक शाळेत हजर. रविवारी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये नझीरचाचांचा जाहीर सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, भाषणं. अध्यक्ष बाळा, प्रमुख वक्त्या अस्मादिक.

हेडमास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "सतरा अंशांवर, बाई?" मी म्हटलं, "निसर्गाला अक्षांश कोणी शिकवलेत, सर?" चक्क! मीच!

पण खरी गंमत मिरकरवाड्यात. चाचांना सर्वांत जास्त छळणारा तो जेटीवरचा टपरीवाला आज उठून उभा राहिला म्हणे. "चाचा, बसा. ता पडद्याचा जरा नीट सांगा." बाळानं स्वतः पाहिलं. चाचांनी चहा तेवढा मागितला, पडद्याचं पुढं ढकललं. एवढ्या वर्षांनी कोणी खरं मानलं, तर माणूस जरा भाव खाणारच!

शालीला कसला वास येतोय? धुराचा. समोरच्यांची चूल असेल.

गुरुवार, १६ मार्च

शाल भिजत घातली. बादलीत काळे कण. बारीक, गवताच्या जळक्या काड्यांसारखे.

शालीवर कसले?

गुरुवार, संध्याकाळी

बाळाच्या दुकानात सहज डोकावले. दुर्बिणीवरची ताडपत्री झटकून बघितली. तिच्यावरही तेच. बाळाला काही बोलले नाही. तो भाषण पाठ करत होता — "रत्नागिरी जगाच्या नकाशावर".

जेवले नाही. वाराही मंगळवारी उत्तरेकडूनच होता.

शुक्रवार, १७ मार्च

अर्धी रजा टाकून एसटीनं मिऱ्याच्या मागं, खाडीपलीकडे गेले. उतरून सड्यावर, वरच्या कातळपठारावर, चढले. भर उन्हात, कातळ नुसता तापलेला, नवीन चप्पल पायाला चावत होती. वर पोचले.

सगळा सडा काळा. दृष्टी जाईल तिथवर जळकं गवत. मधे करवंदीच्या दोन जाळ्या अजून धुमसताहेत.

खालून एक माणूस लगबगीनं वर आला. लंगोटी, डोक्याला फडका, हातात कोयता. मला वाटलं हाच मला हटकणार, तर हात जोडून उभा! "फॉरेष्टातल्या काय तुमी?" मी म्हटलं, नाही, मास्तरीण. त्याचा जीव भांड्यात पडला. मग सुटला. नाव केरू. मंगळवारी सांजच्याला भाताच्या तरव्याची भाजावळ घातलेली, रोपांची जमीन पेरणीआधी भाजतात ती. पातेरा, शेण, कवळ नीट रचून, दरसालासारखी. "काय सांगू बाय, वाऱ्यान उचललान! दगडी गडगा उडून आग थेट सड्यावर. आमी आठ घरातली माणसा झाडांचे हिरवे टाळे घेऊन झोडपतोय, पण गवात केवढा! ह्या एवढे लोळ! धुराचे खांबच्या खांब!" हात वर करकरून दाखवत होता. पट्टे कसे उठले, मधेच कसे दबले, पुन्हा कसे उसळले. मला सगळं माहीत होतं. मी नाचले होते.

"कुणाला बोलू नका हां बाय," म्हणाला. मी कोणाला बोलणार!

आकाशाकडे बघता बघता आमच्या मंडळाला फाल्गुन महिना दिसला नाही. घरोघर तरवे भाजायचे दिवस, मी दरवर्षी सातवीला त्याच्यावर निबंध लिहायला देते. ध्रुवीय प्रकाश म्हणे! मूर्ख बाई!

एसटीत खिडकीशी बसून रडले. चाचांसाठी वगैरे नाही, सरळ स्वतःसाठी. मंगळवारी मी किती सुखी होते.

शुक्रवार, रात्री

ठरवलं. रविवारच्या आधी सांगायचं. पेपरात छापून आलं आणि मग केरूच्या गावातला एखादा हसला, तर मंडळ गेलंच. आणि चाचा? पुन्हा 'पडदा'. तेही आता अख्ख्या जिल्ह्यात. त्यापेक्षा घरात बसवून, शांतपणे, आपल्या तोंडानं सांगावं. पोरांना वीस वर्षं सांगतेय खरं बोला. आता माझी पाळी.

आधी चाचांना. मग बाळाला. बाळाला सांगणं सोपं आहे, छडी घेऊन जाईन.

शनिवार, १८ मार्च

गेले होते. वाटभर वाक्य घोकत होते — 'चाचा, वाईट वाटून घेऊ नका, ती भाजावळ होती.' घोकून घोकून गुळगुळीत झालं होतं.

चाचा नमाजाला गेलेले. हफीजाभाभी एकट्याच, मोदकपात्रात सांदणं लावत होत्या. उद्याची! सत्काराला येतील त्या सगळ्यांसाठी! मला बळंच पाटावर बसवलं, चहा ठेवला. आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

मी म्हटलं, भाभी, माझं ऐका आधी. पण त्यांना कुठलं ऐकायला! पदरानं डोळे पुसत आवाज खाली केला.

"तुमच्यापासना काय लपवू. ह्यांनी त्या वक्ताला बघितलाच नव्हता."

"काय?"

"हे आगवाले ना! खाली बॉयलरपाशी, कोळसा टाकीत. वर सगळी पोरा ओरडतायत, हाका मारतायत, नझीर ये, नझीर ये! पण पाळी टाकून वर कसा जाणार? पाळी संपली नि धावत वर आले, तर ढग. कायच नाय. दुसऱ्यांनी सांगितलानी ताच जलमभर सांगत आले. निका झाल्यावर एकदाच माझ्याकडे बोलले, नि रडले."

मी कप खाली ठेवला.

"नि आता डोळे. लोकांना मोतीबिंदू सांगतात. मिरजेच्या डॉक्टरान सांगितलान, काचबिंदू हाय, गेलेला परत यायचा नाय. काय बघायचा ता बघून घ्या म्हणाला. तर अल्लान बघा, जाता जाता दाखवलान! तुमच्या बरोबर!" हसत होत्या, रडत होत्या. "मंगळवारी घरी आले तशी मी म्हटला, आता खोटा नाय ना राहिला? मानेनच हो म्हणाले."

चाचा आले तेवढ्यात, भिंतीला हात लावत लावत. "कोण, बाई? कधी आल्या?"

मी म्हटलं, आत्ताच. सांदणाचा वास आला म्हणून.

शनिवार, रात्री

सांगितलं नाही. सांगणार नाही. कोणालाच नाही. मंडळ बुडालं तरी चालेल.

एक माणूस आयुष्यभर ज्यासाठी झुरला ते त्याला एकदा दिसलं, आणि मी तिथं जाऊन 'ते गवत होतं' सांगू? मला कोणी ओढून नेलं तरी सांगणार नाही. वीस वर्षांचं खरं एकीकडे आणि भाभींचा तो चेहरा एकीकडे. मला त्रास होतोय, पण शंका नाही.

भाषणात काय बोलायचं मात्र कळत नाही.

रविवार, १९ मार्च

पार पडला एकदाचा!

हॉल खचाखच. मिरकरवाडा लोटलेला, बाजारातली माणसं, हॅलेला हसलेले झाडून सगळे. चाचा नव्या शेरवानीत, टोपी घालून, अगदी नवरदेव! बाळाचं भाषण सुरू — रत्नागिरी जगाच्या नकाशावर. आणि माझी नजर दुसऱ्या रांगेत गेली.

केरू!

धुतलेला सदरा घालून, मांडीवर टोपी.  मी खुणा केल्या, डोळे वटारले, त्यानं मला नमस्कार केला. बाळा नेमकं विचारतोय, "तुमच्यापैकी आणखी कोणी पाहिला होता का?" आणि हा उभा!

"मी बगितलाय," केरू म्हणाला. "अगदी जवळसून."

 मी मनात म्हटलं, संपलं.

"आमच्या सड्यावर तर निस्ता लालेलाल. वरसून आला आभाळातसून. तेच्यानच आमचा गवात पेटला." सगळीकडे नजर फिरवून पुन्हा ठासून, "वरसूनच आला! आमी काय केला नाय. फॉरेष्टातला कोण असला तर लिवून घ्या."

टाळ्यांचा कडकडाट! संपादक लिहून घेताहेत! बाळानं केरूला स्टेजवर बोलावून नारळ दिला. दिलाच! हसू दाबताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, लोकांना वाटलं बाई गहिवरल्या.

मी काय बोलले आठवत नाही. चाचांची शाल मात्र मीच नीट केली. लोक ओरडत होते, "चाचा, सांगा, कसा होता सांगा!" टपरीवाला सर्वांत मोठ्यानं. चाचा माइकपाशी उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मी काय सांगू? बाईंनी बघितलाय. त्या सांगतील." एवढंच. किती साधा माणूस.

सांदणं पुरली नाहीत. मला दोन मिळाली.

सोमवार, २० मार्च

शाळेतून आले तर चाचा माझ्या पायरीवर बसलेले. भाभी त्यांना सोडून बाजारात गेलेल्या. म्हणाले, "बाई, एक बोलू? हफीजाला पण सांगू नका."

मंगळवारी त्यांना काही दिसलं नव्हतं. लाल नाही, पांढरं नाही, काही नाही. नुसता काळोख. "तुमी दंड धरून विचारलात, हेच ना? तुमचा आवाजच तसा होता. नाय कसा म्हणू?"

मग रडलात का, म्हटलं.

"तुमाला दिसत होता नि मला नाय, म्हणून."

 मग काठी बाजूला ठेवली, माझ्या दिशेला तोंड केलं. "आता सगळे विचारतात, नि माझा दोनदा हुकलाय, बोटीवर नि किल्ल्यावर. तुमी बघितलात, बाई. कसा होता ता? नीट सांगा. घाई नाय मला."

मी चप्पल काढली. त्यांच्या शेजारी बसले आणि दिवेलागण होईपर्यंत सांगत राहिले.